दुसऱ्यांदा विचारायची रीत

अमरावती,
१७ नोव्हेंबर २०२४

आदरणीय साधनाताई यांस,

बोंजूर.

आपण हे पत्र पाहून दचकला असाल. मी आयफेल टॉवरचे फोटो टाकायला सुरुवात केल्यावर दुसऱ्याच दिवशी आपण घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपमधून बाहेर पडलात, आणि फोनवर आपण मला बोलू देत नाही. तेव्हा म्हटले, लिहावे. तसेही लिओंमध्ये, म्हणजे आपल्या गीतांजलीच्या गावी, लोक अजून हाताने लिहितात. तिच्या खालच्या मजल्यावरच्या मादाम रोज सकाळी खिडकीशी बसून काहीतरी लिहीत. काय ते कळले नाही, पण बसण्याची ढब पाहत राहावी अशी.

लेकीकडे दीड महिना राहून आलो आणि आता मला अमरावती सोसत नाही. तिकडे बसमध्ये चढणारा प्रत्येक माणूस ड्रायव्हरला बोंजूर म्हणतो. इकडे स्टेशनवर उतरलो तर ऑटोवाला म्हणाला, ‘कुठं जाचं बे काका?’ मी मात्र वसा सोडलेला नाही. कालच भाजीवालीला हसून बोंजूर म्हटले. ती म्हणाली, ‘खजूर आमी नाही ठेवत, मेन मार्केटात पाहा.’ अशा लोकांत आयुष्य काढले याचे आता नवल वाटते.

आपणांस ‘आपण’ का म्हणतो, याचेही नवल करू नये. फ्रेंच भाषेत मान द्यायचा तर ‘वू’ म्हणतात. आपल्याकडे कलेक्टर गावात आला तरी त्याला ‘तू कवा आला’ विचारतात.

मी रोज संध्याकाळी फाटकाबाहेर रस्त्याकडे तोंड करून खुर्ची टाकतो आणि छोट्या कपातून काळी कॉफी घेतो. तिकडच्या कॅफेत साऱ्या खुर्च्या रस्त्याकडेच तोंड करून असतात. जेवणही टप्प्याटप्प्याने घेतो, आधी काकडी-टोमॅटो, मग नुसती भाजी, मग पोळी, शेवटी चीजचा एक चौकोन. सगळ्यांत मोठी गोष्ट म्हणजे तिथे जेवताना कुणी आग्रह करत नाही. ‘घ्या हो, माझ्या गळ्याची आण’ असले अत्याचार नाहीत. माणसाने नको म्हटले की नको. इतकी साधी सभ्यता आपल्याला हजार वर्षांत जमली नाही.

ज्येष्ठ नागरिक संघात ‘फ्रान्स: जगण्याची कला’ हे माझे व्याख्यान झाले. निम्मे लोक झोपले होते, पण शास्त्रीय संगीत तिकडेही लोक डोळे मिटूनच ऐकतात.

गीतूची आनंदाची बातमी आपणांस कळलीच आहे. मे अखेरची तारीख आहे. पौर्णिमा ठीक.

आपला,
श्याम


अकोला,
२५ नोव्हेंबर २०२४

श्याम,

तुझं पत्र पोचलं. बत्तीस वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळेत पोरांचे निबंध तपासले, पण असा निबंध हाती आला नव्हता.

पहिली गोष्ट, मले ‘आपण’ म्हणायचं नाही. हिवरखेडच्या शाळेत तुले बखोटीले धरून मी नेत होती अन् तू रस्ताभर माझ्या ओढणीले नाक पुसत जाय. तवा कुठं गेला होता तुझा वू?

दुसरी गोष्ट, ती मादाम काय लिहीत होती ते तुले कळलं नाही म्हणतो. दुधाचा हिशेब लिहीत असेल. बायका सकाळी तेच लिहितात, कोणत्याही देशात. अन् तिकडच्या खुर्च्या रस्त्याकडं तोंड करून असतील, पण तुझ्यापुढं बडनेरा रोड आहे. कॉफीसंग अर्धा पाव धूळ पोटात चालली अन् म्हणतो जगण्याची कला. भाजीवाली बिचारी तरी सभ्य निघाली. मी असती तर खजूर नाही, डोक्यात भोपळा घातला असता.

फ्रान्सबद्दल माझं काही म्हणणं नाही. देश चांगलाच असेल. तू जाऊन आला, त्याच्यात त्याचा काय दोष? सहलीत चार दिवस पॅरिस, अन् बाकी महिनाभर लेकीच्या गॅलरीत. तेवढ्यात माणूस फ्रेंच होतो तर माझ्या शेजारचा ललित आठ दिवस तिरुपतीले जाऊन आला, तो तेलुगू नाही झाला.

आग्रहाचं तर तू बोलूच नको. गीतूनं मले सगळं सांगितलं आहे. शेजारणीनं तुमाले जेवाले बोलावलं, तिनं दुसऱ्यांदा वाढू का म्हणून विचारलं, तर तू ऐटीत ‘मेर्सी’, म्हणजे धन्यवाद, म्हणाला. तिकडं वाढताना नुसतं मेर्सी म्हटलं तर त्याचा अर्थ ‘नको’ होतो, हे तुले माहीत नव्हतं. तिनं भांडं उचलून आत नेलं. तू घरी येऊन मोरीजवळ उभ्या उभ्या पौर्णिमानं नेलेला चिवडा खाल्ला. मग आता हे अत्याचारबित्याचार काय लावलं?

अन् हे टप्प्याटप्प्याचं जेवण. तू काकडी चावत बसतो तवा पौर्णिमा चुलीपाशी उभी राहून पोळी वाढायची वाट पाहते का? बासष्ट वर्षांच्या बाईले असं ताटकळत ठेवायले लाज नाही वाटत.

भाऊबीजेले तू आला नाही. म्हणे झोपेचं घड्याळ अजून फ्रान्सचं आहे. वीस दिवस झाले होते येऊन. मी ओवाळायचं ताट करून बसली होती. मले वाईट वाटलं, हे लिहून ठेवते, नाही तर तू म्हणशील ताई नुसती टोमणे मारते.

आता कामाचं. पौर्णिमा बाळंतपणाले कधी निघते ते कळव. एप्रिलमधी तरी जावं लागेल. मी परतवाड्याहून चांगला डिंक मागवते. पहिलं बाळंतपण आईच्या हातचं असते, तिथं कितीही मशिनी असल्या तरी. पौर्णिमाले म्हणा, ताई लाडू करून देते.

साधना


अमरावती,
५ डिसेंबर २०२४

प्रिय साधनाताई,

तू रागावतेस म्हणून ‘आपण’ सोडतो. वाढदिवसाला दिलेला शर्ट परत मागावा तसे वाटते, पण असो.

डिंक मागवू नकोस. पौर्णिमा जाणार नाही.

यात दुःखाचे काही नाही, उलट मला अभिमान वाटावा असा प्रसंग आहे. शेवटच्या रविवारी आम्ही चौघे जेवायला बसलो होतो. गीतूने विचारले, ‘आई, मे महिन्यात तू येशील ना?’ पौर्णिमा म्हणाली, ‘नको बाई, माझं काय काम तिथं? तुमच्याकडं सगळ्या सोयी आहेत. मले तर भाषाही येत नाही.’ गीतू पुन्हा काही म्हणणार, तर मी हात वर केला. म्हटले, ‘गीतू, या देशात राहतेस तर या देशाची रीत पाळ. माणसाने नाही म्हटले की विषय संपला. आईच्या नाही म्हणण्याचा मान ठेव.’ जावईबापू म्हणाले, ‘बरोबर आहे बाबा.’ गीतूने आईकडे पाहिले. पौर्णिमा उठली आणि भांडी घासायला लागली. भांड्यांचे मशीन शेजारीच होते, तरी हाताने. सवय जात नाही.

पुढच्या आठवड्यात गीतूने सासूबाईंना, परतवाड्याच्या मायाताईंना फोनवर विचारले. वाक्य पुरे व्हायच्या आत त्या ‘हो’ म्हणाल्या. परतवाड्याची बाई, पण उत्तर अगदी फ्रेंच. तिकीट झाले आहे. दोन खोल्यांचे घर, एका वेळी एकच माणूस मावते, तेव्हा सगळे छान जमून आले.

आणि पौर्णिमाला मी ताटकळत ठेवत नाही. ती भाऊबीजेला तिवस्याला गेली, भावाच्या, शेखरच्या मळ्यात रमली आहे. जरा हवापालट. माझा डबा येतो. डबेवाली सगळे एकदमच देते, पण मी खोलून टप्प्याटप्प्याने खातो.

पुस्तकाचे काम जोरात आहे. नाव ठरले: ‘सेन नदीच्या काठी एक वऱ्हाडी’. प्रस्तावना तू लिहावीस अशी इच्छा होती, पण तुझा सूर पाहता विचार बदलला.

श्याम


अकोला,
१२ डिसेंबर २०२४

श्याम,

तुझं पत्र वाचून मी चष्मा काढून ठेवला. मग पुन्हा घालून वाचलं, की मीच काही चुकीचं वाचलं का.

भाऊबीजेले बायको माहेरी गेली, आज महिन्याच्या वर झालं, अन् नवरा डबे खोलून सभ्यता खात बसला. पहिल्या पत्रात लिहितो ‘पौर्णिमा ठीक’. काय ठीक, बापा? ती घरात नव्हती तवा. मले इतक्या वर्षांत तू कधी खोटं लिहिलं नव्हतं, फ्रान्सहून एवढं मात्र शिकून आला.

अरे बैलोबा, ती नाही म्हणत नव्हती. ती वाट पाहत होती.

तुले आई आठवते का आपली, पार्वताबाई खुशालराव? मळ्यात कोणी वांगे घ्यायले आलं तरी ती म्हणे, बसा, भाकर खाऊन जा. माणूस म्हणे, नाही. ती पुन्हा म्हणे. तिचं बोलणं ठरलेलं: पहिलं नाही तोंडाचं, दुसरं लाजेचं, तिसरं पोटाचं. तिसऱ्या नाहीले ती कोणाले अडवत नव्हती. पण पहिल्यावर सोडलं तर तो माणूस उपाशी गेला असं समजे. याच रीतीत तू वाढला अन् याच रीतीत तुझी बायको वाढली. ती बाई आपल्या तोंडानं कशी म्हणेल, हो मले यायचं आहे? तिले वाटलं असेल, मी खर्चाची होईन, मी अडचण होईन, तर लेक एकदा पुन्हा म्हणेल, आई तूच पायजे. तेवढंच ऐकायचं होतं तिले. पोरीनं तोंड उघडलं होतं. तू हात वर केला.

अन् भांडी घासत होती म्हणे सवय. अरे, पाणी सोडून रडता येते म्हणून घासत होती ती. बाईमाणसाले विचार, कोणीही सांगेल.

आता वरून विहीणबाई जाऊन बसणार. मायाताईंचा दोष नाही, त्यांनी विचारलं अन् हो म्हटलं. पण पौर्णिमाच्या जिवाले काय झालं असेल? पोटची पोर, पहिलं बाळंतपण, अन् आपल्या जागी दुसरी. माझ्या घरी पाव्हणी आली की ती गीतूच्याच गोष्टी सांगे. मले इथं बसून पोटात तुटून राहिलं अन् तू पुस्तकाचं नाव ठरवून राहिला.

पुस्तक बंद कर. उद्याच तिवस्याले जा. तिले घरी आण अन् गीतूले फोन लावून दे.

साधना


अमरावती,
२३ डिसेंबर २०२४

प्रिय ताई,

तुझ्या हुकमाप्रमाणे तिवस्याला जाऊन आलो.

पौर्णिमा ओट्यावर तुरीच्या शेंगा सोलत बसली होती. वहिनी, म्हणजे शेखरची रागिणी, तिने पाणी दिले. मी इकडचे तिकडचे न बोलता सरळ विचारले, ‘घरी येतेस का?’ पौर्णिमा म्हणाली, ‘नाही.’ मी म्हटले, ‘ठीक आहे. तुझ्या निर्णयाचा मी आदर करतो.’ आणि दोनची बस धरली.

तू आता संतापशील, पण विचार कर. आईची ती तीन नाहींची बाराखडी हिवरखेडच्या मळ्यात ठीक होती. माणसाने एक बोलायचे, दुसऱ्याने त्याचा तिसराच अर्थ काढायचा, यातच आपला समाज मागे राहिला. पौर्णिमा शिकलेली बाई आहे, बारावी झाली आहे. तिला यायचे असेल तर ती ‘येते’ म्हणेल. तिला जायचे असते तर ‘जाते’ म्हणाली असती. मी तिला प्रौढ माणसासारखे वागवतो. तू तिला मनातले ओळखून घ्यावे लागते असे लहान मूल समजतेस. यात कोण तिचा जास्त मान ठेवते, ते तूच ठरव.

रडण्याबद्दल तू लिहिलेस ते मात्र मनात राहिले. मी तेव्हा टेबलापाशीच होतो. नळ बराच वेळ चालू होता, हे खरे.

थंडी पडली आहे. मी तिकडच्यासारखा मफलर गुंडाळून बसतो. शेजारचे विचारतात, दाढ दुखते का.

श्याम


अकोला,
२८ डिसेंबर २०२४

श्याम,

पाऊण तास बसचे धक्के खात गेला, एक शब्द विचारला अन् पाऊण तास धक्के खात आला. कंडक्टरसुद्धा तिकीट दोनदा विचारतो रे. तुझ्यापेक्षा त्याले प्रवाशाची जास्त काळजी आहे.

ती रुसून माहेरी गेलेली बाई. तिच्या दारात तू गेला, बसला, तिले वाटलं असेल आला बापा एकदाचा. ‘नाही’ म्हणून तिनं शेंगेकडं पाहिलं असेल. पुन्हा वर पाहते तर गडी फाटकाबाहेर. वरून म्हणतो आदर करतो. आदर कर, पण मोलानं तरी कर. फुकटचा आदर कोणालेही परवडते. दोन शब्द जास्तीचे बोलायले लागत होते तर तुझं काय फ्रान्स बुडत होतं?

आता मीच केलं जे करायचं ते. काल गीतूले फोन लावला. सगळं सांगितलं, काही ठेवलं नाही. पोर रडली. म्हणे, ‘आत्या, मले वाटलं बाबा बोलून राहिले म्हणजे त्या दोघांचं आधीच ठरलेलं आहे.’ मी म्हटलं, तुझ्या बापाचं कोणाशी काही ठरत नाही. तिले बजावून सांगितलं, आईले तीनदा म्हण. पहिल्यावर सोडू नको, दुसऱ्यावर सोडू नको. मायाताईंचं पुढं पाहू.

तू हे पत्र घेऊन तिवस्याले जा. तुले बोलता येत नाही तर माझं वाचून दाखव. अन् दोनची बस धरशील तर याद राख.

साधना


अमरावती,
१८ जानेवारी २०२५

ताई,

शुद्ध लिहायची ताकद नाही आज. जसं येते तसं लिहितो.

संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी तिवस्याले गेलो. तिळगूळ घेऊन गेलो होतो. मळ्यात तुरीची सोंगणी चालू होती. शेखर अन् रागिणी शेतात, पौर्णिमा एकटी घरी. मी म्हटलं, ‘घरी चाल.’ ती म्हणे, ‘नाही.’ मी बसलो. पाच मिनिटांनी पुन्हा म्हटलं, ‘चाल ना, घर खायले उठते.’ ती म्हणे, ‘नाही.’ मले आईचा हिशेब आठवत होता. थोडं थांबून तिसऱ्यांदा म्हटलं. ती म्हणे, ‘तिन्ही झाले का तुमचे? आता जेवून घ्या.’

ताई, तिनं ओळखलं होतं. मी बोटांवर मोजत होतो का काय कोणास ठाऊक.

तवर रागिणी वावरातून आली. पौर्णिमानं वाढलं. ओल्या तुरीच्या सोल्याची आमटी अन् ज्वारीची भाकर. पहिली भाकर सरली तर तिनं दुसरी पुढं केली. मी सवयीनं ‘बस बस’ म्हटलं. तुले माहीत आहे, तसं म्हणतोच माणूस. भूक तर चांगली होती. पौर्णिमानं भाकर टोपल्यात ठेवली, वर फडकं टाकलं अन् टोपलं उचललं. रागिणी म्हणे, ‘अवं, वाढ ना त्यायले.’ पौर्णिमा म्हणे, ‘राहू दे, ते नाही म्हणून राहिले. यायले आग्रह आवडत नाही.’ सरळ आवाजात म्हणाली, रागाबिगाचं काही नाही. मी आमटीचं भांडं हातात धरून बसलो. लिओंच्या त्या बाईकडं मी उपाशी उठलो होतो, तवा मले वाईट वाटलं नव्हतं. उलट घरी येऊन हसलो होतो. इथं हसू आलं नाही.

मग मी तुझं पत्र काढलं. तिनं विचारलं, ‘काय आहे?’ मी म्हटलं, ‘ताईचं आहे, तुझ्याबद्दल.’ म्हणे, ‘वाचा.’ मी वाचलं. तिनं विचारलं, ‘आधीचे?’ ते पण होते खिशात, ते पण वाचले. माझे जबाब विचारले, ते आठवतील तसे सांगितले. रागिणी मधीच हसली, भाजीवालीच्या खजुरापाशी. पौर्णिमा नाही हसली.

मग तिनं सांगितलं, गीतूचा फोन येऊन गेला. तिनं तीनदा म्हटलं अन् हिनं तिन्हीदा नाही म्हटलं. मी विचारलं काहून, तर उठून गेली.

आता तूच सांग हे कोणतं नाही आहे. तुझ्या रीतीनं गेलो तरी नाही, माझ्या रीतीनं गेलो तरी नाही. तुले तर सगळं कळते ना. मी पाचच्या बसनं आलो. खुर्ची घरात घेतली आहे.

श्याम


तिवसा,
३० जानेवारी २०२५

साधनाताईंस पौर्णिमाचा नमस्कार.

मले पत्र लिहायची सवय नाही. रागिणीकडून कागद मागून लिहून राहिली. हे वाचून झालं की यायलेही, तुमच्या भावाले, वाचून दाखवजा, म्हणजे मले दोनदा लिहावं लागणार नाही.

तुमी यायच्यावर चिडल्या ते बरोबर केलं. मले त्या टेबलापाशी जे झालं ते अजून विसरता येत नाही. गीतूनं तोंड उघडलं होतं हे मीही पाहिलं होतं. मी खरंच वाट पाहत होती. नळ सोडून रडली हेही खरं आहे, तुमी अकोल्यात बसून ओळखलं. मायाताई जाणार हे कळलं तवा मले वाटलं होतं, मी कोणाची आईच नाही. हे असं सरळ मी कोणाजवळ बोलली नव्हती.

गीतूनं फोन केला. ‘आई ये ना, आई ये ना, आई ये ना,’ एका दमात. शाळेत पोरं पाढे म्हणतात तसं. मी विचारलं, ‘तुले कोणी सांगितलं असं म्हणायले?’ तिले खोटं बोलता येत नाही. म्हणे, ‘आत्यानं.’ मग मी नाही म्हटलं. त्यात रुसवा नव्हता अन् लाज नव्हती. बाबानं सांगितलं म्हणून सोडलं अन् आत्यानं सांगितलं म्हणून धरलं, अशा बोलावण्याले कोण जाते?

आठ दिवस विचार केला. मग तिच्या सुटीच्या दिवशी मीच फोन लावला. म्हटलं, ‘गीतू, मले तुझ्याकडं यायचं आहे. माझ्या मनात पहिल्या दिवसापासून होतं.’ ताई, एवढ्या वयात आपल्या तोंडानं काही मागितलं नव्हतं, ना बापाले, ना यायले. ती म्हणे, ‘मग तवा काहून नाही म्हटलं?’ मी म्हटलं, ‘चुकलं माझं. पण तुझंही चुकलं.’ मग दोघी रडलो.

मायाताईंचं तिकीट झालं आहे, त्यायले मी उठवणार नाही. त्यायनं हो म्हटलं, त्यात त्यायचा काय गुन्हा? त्या मे-जून करतील. त्या परतल्या की मी जाईन, तीन महिने राहीन. पहिलं अंघोळपाणी मी घालणार नाही, नाव ठेवाले मी नसेन. ते लागलं अन् लागतच राहील, त्याले काही इलाज नाही. तुमी डिंक मागवला असेल तर तो मायाताईंकडं पाठवजा. तिकिटाचं जावईबापू पाहून राहिले. एकच तिकीट आहे. यायनं पुस्तक लिहावं, त्यायले शांतता मिळेल.

परत आल्यावर अमरावतीले यायचं की नाही ते तिकडून आल्यावर पाहीन. हे नाही पण नाही अन् हो पण नाही. त्यायले म्हणा, याचा अर्थ काढत बसू नका.

एक गोष्ट राहिली, ती तुमच्यासाठी आहे. यायनं मले तुमची सगळी पत्रं वाचून दाखवली, अन् स्वतःची सांगितली. नोव्हेंबरपासून तुमी दोघं बहीणभाऊ माझ्याबद्दल लिहून राहिले. मी काय म्हणाली, कोणतं नाही म्हणाली, नळ काहून सोडला, पोटाचं का लाजेचं. तुमी माझ्या बाजूनं होत्या, मले माहीत आहे. पण तुमच्यातल्या एकानंही मले दोन ओळी लिहून विचारलं नाही. मी तिवस्यालेच होती. पत्ता तुमाले माहीत होता.

पौर्णिमा